जर्मन-जपानी-फ्रेंचचे क्लास: मजा येते, पण बोलता का येत नाही?

कालिंदी_पार्ले:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. मी पार्ल्यात जर्मन शिकवते, ए१ आणि ए२ च्या, म्हणजे अगदी पहिल्या दोन पायऱ्यांच्या बॅचेस. संध्याकाळच्या बॅचला सगळे नोकरीवाले, कोणी चर्चगेटहून उभ्याने आलेला, कोणी सीप्झमधून सुटून रिक्षाच्या रांगेत वैतागलेला, वर्गात आल्यावर पाच मिनिटं नुसते पंख्याखाली बसून राहतात. शिवाय हल्ली नर्सिंगवाल्या मुली खूप यायला लागल्यात. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला ना, तेव्हापासून चौकशीचे फोन तर विचारूच नका.

तर मुद्दा असा. जो तो सांगतो की शिकवणं इंटरेस्टिंग करा. मी करते हो! गाणी लावते, मोबाईलवर क्विझ घेते, चित्रांची कार्डं आहेत, भेंड्यासुद्धा खेळून झाल्या. सगळे हसतात, खेळतात, फोटो काढून स्टेटसला टाकतात आणि पुढच्या तासाला "काल काय केलंस" एवढं जर्मनमध्ये विचारलं की वर्ग चिडीचूप. पुस्तकात बघावं तर कोणीतरी बर्लिनच्या बेकरीत पाव घेतोय, नाहीतर भाड्याच्या फ्लॅटला बाल्कनी आहे का ते विचारतोय. वन रूम किचनमध्ये पाच जणांत राहणाऱ्या मुलीला मी बाल्कनीबद्दल काय बोलायला लावू?

शिकवणाऱ्यांनी लिहाच, पण शिकलेल्यांनी जास्त लिहा. कुठल्या तासाला तुमचं तोंड खरोखर उघडलं होतं?

मध्यरेल्वे:
पहिला!
आमच्या कॉलेजात अकरावीला फ्रेंच म्हणजे स्कोअरिंगची सोय. मराठी घेतलं की मार्क जातात, म्हणून फ्रेंच घ्या, नाहीतर आयटी घ्या. धडे पाठ, पत्राचा नमुना पाठ, क्रियापदांचे तक्ते पाठ. मार्क नव्वदीच्या घरात. नंतर ऑफिसात पॅरिसहून क्लायंट आला, मी ऐटीत बोंजूर म्हणालो, तो खूश होऊन जो सुरू झाला तो थांबेचना, मग मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर सटकलो. तोंड उघडलं तो तास कुठला म्हणाल तर एकही नाही.

निवांत:
कालिंदीताई, चांगला विषय काढलात. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, म्हणून जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर खुशाल खाली सरका.

मजा आणि गरज यांत आपली गल्लत होते. गाणं म्हणताना पोराला कोणाला काही सांगायचं नसतं, कोणाकडून काही काढून घ्यायचं नसतं. शब्द तोंडातून जातात एवढंच. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेत, बंगलोर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये इंग्रजीचा एक प्रयोग केला. बंगलोर प्रोजेक्ट म्हणून भाषाशिक्षणवाले जगभर त्याचा दाखला देतात. त्यात व्याकरणाचा क्रम ठरवलेलाच नव्हता. पोरांपुढे नकाशा ठेवायचा, शाळेचं वेळापत्रक ठेवायचं, रेल्वेचं टाइमटेबल ठेवायचं आणि त्यावर कोडं घालायचं. पोरं उत्तराच्या मागे लागतात आणि त्या धावपळीत भाषा वापरली जाते. प्रभूंचं म्हणणं असं, की डोकं अर्थात गुंतलेलं असलं की व्याकरण नकळत आत मुरतं.

त्यांनी वर्गात द्यायच्या अशा कामांचे तीन प्रकार सांगितले. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, ती मिळवायची. दुसरा प्रकार म्हणजे हाताशी असलेल्या माहितीवरून डोकं चालवून काहीतरी काढायचं. तिसरा, स्वतःचं मत सांगायचं. आपण वर्गात नेमके तिसऱ्यावर उड्या मारतो, "तुला मुंबई आवडते का, का आवडते", आणि कच्चं पोर तिथेच गळपटतं कारण उत्तर बरोबर की चूक तेच त्याला कळत नाही. प्रभूंचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे होता, डोकं चालवायच्या. माझ्या अनुभवानेही तेच खरं. पोरगं उत्तर शोधायला लागलं की लाजायचं विसरतं.

आता सांगा, टाइमटेबलवर भांडायला मुंबईकराला शिकवावं लागतं का?

कालिंदी_पार्ले:
निवांतकाका, टाइमटेबलची आयडिया झकास आहे, पण ए१ वाल्यांकडे भांडायला शब्द कुठे असतात? "ही गाडी पकडलीस तर उशीर होईल" एवढं वाक्य यायला माझ्याकडे चार महिने जातात.

निवांत:
म्हणून आधी तुम्ही फळ्यावर तसंच एक कोडं अख्ख्या वर्गाला घेऊन सोडवायचं. मोठ्याने, त्यांना विचारत विचारत. मग त्याच जातीचं दुसरं कोडं प्रत्येकाने एकट्याने करायचं. पोराने नुसतं "फास्ट" म्हटलं तरी चालेल, तुम्ही ते पूर्ण करून परत द्यायचं, "बरोबर, फास्टने जाऊ, कारण स्लो दहाला पोचते." ते वाक्य त्याला तेव्हा हवं असतं म्हणून कानात राहतं. आणखी एक, प्रभूंनी गटकाम जवळजवळ टाळलं होतं. कच्ची पोरं एकमेकांशी बोलून एकमेकांचं कच्चंच उचलतात अशी त्यांना धास्ती होती. आजच्या ट्रेनिंगवाल्यांना हे सांगितलं तर मारायला धावतील.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
काका, सगळं मान्य, पण पाठांतराला का म्हणून झोडपायचं? आपण रामरक्षा पाठ केली, तीसपर्यंत पाढे पाठ केले, काही वाईट झालं नाही. जर्मन नामाचं लिंग कसं कळणार, आकाशवाणी होणार का? ते घोकावंच लागतं. फक्त घोकायची पद्धत गाढवासारखी नको. एबिंगहाउस नावाच्या माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर उडतं, मग उडायचा वेग कमी होतो. म्हणजे उडायच्या आधी परत बघायचं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवायचं. सत्तरच्या दशकात लाइटनरने यासाठी कार्डांचा डबा काढला. शब्द बरोबर आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. मी बुटाच्या खोक्याचा केला होता. आता फोनवर अँकी नावाचं तसंच कार्डांचं ॲप आहे, चिंचपोकळी ते ठाणे एवढ्या वेळात त्या दिवसाचे शब्द होतात, आणि हो, सीट मिळायची वाट बघायची नाही, एका हाताने होतं.

बटाटावडा:
कशाला एवढं! हिरवं घुबड आहे ना, ड्युओलिंगो ॲप. फुकट, रोज आठवण करतं, स्ट्रीक (सलग दिवसांची साखळी) तुटेल म्हणून माणूस रात्री पावणेबाराला उठून स्पॅनिश करतो. याहून एंगेजिंग काय असतं? माझी स्ट्रीक विचाराल तर लग्नाच्या दिवशीसुद्धा तुटली नाही, बायको अजून ऐकवते.

मध्यरेल्वे:
@बटाटावडा, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आता सांग बघू, स्पॅनिशमध्ये बायकोची समजूत कशी काढशील?

बटाटावडा:
"सफरचंद टेबलावर आहे." 😐

निवांत:
😄 बटाटावडा, तुमची चिकाटी बघून मी घुबडाला नावं ठेवणार नाही. सवय लावायला उत्तमच. पण तिथे बराचसा वेळ समोर दिलेल्यातून निवडायचं असतं. ओळखणं वेगळं आणि रिकाम्या डोक्यातून काढणं वेगळं. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या पोरांना थेट फ्रेंचमधून गणित-विज्ञान शिकवायचे वर्ग निघाले. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून पोरांचं समजणं जवळजवळ फ्रेंच पोरांइतकं झालं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण लंगडंच राहिलं. त्यावरून मेरिल स्वेन या बाईंनी १९८५ मध्ये मांडलं, की नुसतं ऐकून-वाचून भागत नाही, तोंडातून काढायला लावलं पाहिजे, कारण बोलायला गेल्यावरच माणसाला कळतं की आपल्याला काय येत नाहीये. मध्यरेल्वे फोन घेऊन बाहेर पळाले ना, त्या क्षणी कोणीतरी त्यांना धरून दोन वाक्यं बोलायला लावायला हवी होती.

सुमोनान:
वाखुसा (वाचनखूण साठवली)! मी जपानी शिकवते, ठाण्यात. आमच्याकडे दुखणं जरा वेगळं आहे. जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या पातळी-परीक्षेत, बोलायची परीक्षाच नाही, सगळे पर्याय काळे करायचे. त्यामुळे एन४ (खालून दुसरी पातळी) झालेली मुलं पाणी मागताना अडखळतात, आणि पालक मात्र विचारतात, बोलण्यात वेळ का घालवता, सिलॅबस कधी संपणार.

माझा एक हट्ट आहे, तो सांगते. मराठी मुलांना जपानी इंग्रजीतून शिकवू नये. बरेच क्लास तसंच शिकवतात आणि नसलेली अडचण तयार करतात. क्रियापद शेवटी येतं हे इंग्रजीतून सांगताना अर्धा तास जातो, मराठीतून सांगायला मिनिट लागत नाही, कारण आपण तसंच बोलतो. शब्दाला मागून चिकटणारे ते छोटे तुकडे म्हणजे आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं यांचेच भाऊ. 'त्सु' म्हणायला बाकीच्यांची जीभ वळत नाही, आपल्याकडे चमच्यातला च आहे की. वाचलेला तो अर्धा तास मी बोलण्यावर लावते.

वर्गात काय करते ते पण सांगते. सात-आठ वाक्यांचा मजकूर लिहून आणते, विसर्जनाच्या दिवशी लालबागला कसे अडकलो वगैरे. नेहमीच्या वेगात दोनदा वाचते. पहिल्या वेळी पेन खाली. दुसऱ्या वेळी सुटे शब्द टिपायचे. मग जोडीने तो मजकूर परत उभा करायचा. जी जुंपते! "मॅडमनी 'गेलो' म्हटलं, 'जात होतो' नाही," अशी भांडणं व्याकरणावर होतात, मी न सांगता. शेवटी मूळ मजकूर दाखवते. त्यामुळे काकांच्या त्या गटकाम नको वाल्या मुद्द्याशी असहमत, सॉरी काका.

निवांत:
सॉरी कशाला. तुमच्याकडे शेवटी मूळ मजकूर समोर येतो, कच्चं तिथे तपासलं जातं. नुसतं "जोडी करा आणि बोला" यात ते होत नाही.

कालिंदी_पार्ले:
सुमोनान, मराठीतून शिकवायच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. 'कारण' लावलं की जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी उडी मारतं, इंग्रजी माध्यमवाले तिथे हटकून अडकतात, मराठीत विचार करणाऱ्यांना ते नैसर्गिक वाटतं. तीन लिंगंही आपल्याला नवीन नाहीत. फक्त टेबल आपल्याकडे 'ते' आणि तिकडे 'तो', तेव्हा चिंचपोकळी यांचं खोकं लागणारच.

मुलुंडची_आई:
मध्येच घुसते. लेक आठवीत आहे, शाळेत फ्रेंच. "माझी मैत्रीण" वर दहा वाक्यं बाई लिहून देतात, ती पाठ, परीक्षेत तीच. मैत्रीण बदलली तरी वाक्यं तीच 🙄 मला फ्रेंचचा गंध नाही. घरी काय करता येईल?

सुमोनान:
@मुलुंडची_आई, तुम्हाला येत नाही हे फायद्याचं आहे. तिला सांगा तू मला शिकव. स्वयंपाकघरात ती फ्रेंचमध्ये हुकूम सोडेल, फ्रीज उघड, कांदा दे, खाली बस, आणि तुम्ही ते करायचं. तुम्ही चुकीची वस्तू उचललीत की ती चिडून परत सांगेल, वेगळ्या शब्दांत सांगेल. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात हुकूम ऐकून अंगाने करायची हीच पद्धत मांडली. नवशिक्याला लगेच बोलायची सक्ती नसते, आधी ऐकून हलायचं. तुमच्या घरी नवशिक्या तुम्ही 😀

मुलुंडची_आई:
करून बघितलं. तिने मला तीन वेळा खाली बसवलं आणि उठवलं, गुडघे बोलायला लागले, पण पोरगी पुस्तक उघडून शब्द शोधत होती, हे प्रथमच झालं. आता सासूबाईंनाही शिकायचंय.

शुश्रूषा:
मी कालिंदीताईंची विद्यार्थिनी नाही, पण त्या ज्या नर्सिंगवाल्या म्हणतात त्यातलीच, इथल्या एका हॉस्पिटलात आहे. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला सहसा बी२ (ए२ च्या वर दोन पायऱ्या) लागतं. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात साठ टक्के हवेत, राहिलेला भाग वेगळा देता येतो. आमच्या पहिल्या क्लासमध्ये (नाव घेत नाही) नाईट करून आलेल्या पोरींना बसवून दोन-दोन तास विशेषणांचे प्रत्यय. अर्ध्या पोरी पेंगायच्या, मी पण.

तोंड कधी उघडलं ते सांगते. दुसऱ्या क्लासच्या मॅडमनी एकीला पेशंट केलं, एकीला नर्स. पेशंटच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, सकाळची गोळी घेतली नाही पण घेतली म्हणून सांगायचं, आणि जावयाबद्दल तक्रार करत राहायचं. नर्सच्या चिठ्ठीवर नुसता फॉर्म, तो भरायचा. मी नर्स. म्हातारीचं जावईपुराण थांबेना, मला ॲलर्जीचं विचारायचं होतं, एक वाक्य जमलं नाही मग दुसऱ्या तऱ्हेने, मग हातवारे, मग कसंबसं बरोबर. वॉर्डात हे रोज मराठीत करतो आम्ही. त्या दिवशी कळलं की मला जर्मनमध्ये आधी काय शिकायचंय, नम्रपणे एखाद्याचं बोलणं तोडायचं कसं! ते कुठल्याच धड्यात नव्हतं. नंतर शिफ्ट देतानाची माहिती, डॉक्टरला फोन, नातेवाईकाला समजावणं असं सगळं चिठ्ठ्यांवर झालं. प्रत्यय पण आले, पण मागाहून, आणि मग ते लागले म्हणून आले.

कालिंदी_पार्ले:
शुश्रूषा, तुझी हरकत नसेल तर जावईवाली म्हातारी मी उचलतेय.

शुश्रूषा:
घ्या ना ताई. फक्त म्हातारीचं काम बडबड्या मुलीला द्या.

गेटवेवाला:
मी फोर्ट-काळा घोडा भागात टुरिस्ट लोकांना फिरवतो. शाळा बारावीपर्यंत, स्पॅनिश आधी टुरिस्टांच्या मागे फिरून शिकलो, क्लास नंतर लावला. एक गोष्ट बघितली ती लिहितो. मी रोज तेच बोलतो. पण रोज माणसं नवी, त्यांचे प्रश्न नवे. काळा घोडा म्हटलं की पहिला प्रश्न, घोडा कुठाय? मग सांगायचं की इथे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता, १९६५ मध्ये तो हलवला, आता राणीच्या बागेत आहे, आणि २०१७ मध्ये इथे नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. मग कोणी विचारतो स्वार का नाही, कोणी विचारतो आधीचा का हलवला. पूर्वी होता, आता आहे, हलवला गेला, आणला गेला, सगळे काळ त्या एका चौकात शिकलो. क्लासमध्ये सर म्हणाले हा भूतकाळाचा अमुक प्रकार, मी म्हटलं अच्छा, याला हे म्हणतात होय.

मॅडम, तुमच्या पोरांना रविवारी काळ्या घोड्याला न्या. जर्मनवाल्यांचं मॅक्स म्युलर भवन पण तिथेच आहे.

कालिंदी_पार्ले:
गेटवेवाले दादा, काय सुंदर लिहिलंत. याची वर्गात करता येईल अशी एक रीत मला माहितीये: तीच गोष्ट एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायची, मग जोडीदार बदलून तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून सांगणाऱ्याला कंटाळा येत नाही, आणि तिसऱ्या खेपेला अडखळणं बरंच कमी झालेलं असतं. काळ्या घोड्याची गोष्ट त्याला फिट्ट बसते.

आणि हो, टाइमटेबल काल वर्गात करून बघितलं. पहिली दहा मिनिटं मस्त, मग विरारची एक मुलगी आणि कल्याणचा एक मुलगा खरंच भांडायला लागले, अर्थात मराठीत 🤦‍♀️ काय करू, मराठी बंद करू का?

सुमोनान:
बंद नको. भांडून घेऊ देत, पण फळ्यावर जे लिहिलं जाईल तेच निकालात धरायचं, आणि फळ्यावर फक्त जर्मन.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
कोडं काय होतं ते तरी टाका.

कालिंदी_पार्ले:
तीन मित्र. एक विरारचा, एक कल्याणचा, एक पनवेलचा. सकाळी साडेनऊला भेटायचंय. सगळ्यांचे मिळून गाडी बदलण्याचे प्रकार कमीत कमी हवेत. कुठे भेटतील? कारण द्या.

मध्यरेल्वे:
दादर. विरार थेट, कल्याण थेट, पनवेलवाला कुर्ल्याला बदलेल. एक बदल. पुढचा प्रश्न?

बटाटावडा:
अंधेरी का नाही? पनवेलहून हार्बरने थेट येतो, विरारवाला थेट, कल्याणवाला घाटकोपरला उतरून मेट्रो. तोही एकच बदल.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
साडेनऊला घाटकोपरच्या पुलावर उभा राहिलायस कधी? दादरच.

मुलुंडची_आई:
ठाणे! कल्याण थेट, पनवेल थेट.

शुश्रूषा:
आणि विरारवाल्याने काय करायचं काकू, खाडीतून पोहत यायचं का 😂

निवांत:
ताई, हे जसंच्या तसं कार्डांवर घ्या. दादर पक्ष आणि अंधेरी पक्ष, दोघांचा एकेकच बदल, म्हणजे मोजून निकाल लागत नाही, कारण द्यावंच लागतं. 'कारण' आलं की तुमचं ते क्रियापद शेवटी.

कालिंदी_पार्ले:
घेतलंच समजा. पुढच्या तासाला वार रविवार करतेय, आणि मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते फक्त एकाच्या कार्डावर असेल, बाकीच्यांनी विचारून काढायचं, जर्मनमध्ये.

मध्यरेल्वे:
हार्बरच्या वडाळा-अंधेरी पट्ट्यात टाका. अंधेरी पक्ष तिथेच खलास.